काचेच्या तळ्याची शुद्धी

मासे मेले ते उन्हाने मेले नाहीत, रोगाने मेले नाहीत आणि माझी नजर लागूनही मेले नाहीत. शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण गावात तेही बोलून झालं आहे. ते मेले दुधाने, दह्याने, तुपाने आणि गाईच्या मागून जे काही पडतं त्याने. हे मी मोठ्याने सांगितलं की लोक म्हणतात, आत्मारामचा स्वभाव तापट. असेल तापट. ज्याच्या पाण्यात शेण कालवलं त्याने काय आरती म्हणत बसावं?

तळं माझं होतं. हे आधी नीट ध्यानात घ्या, कारण पुढे सगळ्या गावाला त्याचा विसर पडला.

मी बरीच वर्षं मुंबईला, कुलाब्यात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर नोकरीला होतो. साहेब गोदीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याला एकच वेड होतं. व्हरांड्यात काचेच्या मोठाल्या पेट्या मांडायच्या आणि त्यात पाण्याखाली बाग लावायची. मासे नंतर, आधी बाग. नुसता मासा काय, बरणीतही चार दिवस जगतो. झाडं, गाळ, गोगलगाई आणि मासे यांनी एकमेकांना जगवलं पाहिजे, माणसाने फक्त लक्ष ठेवायचं, असं साहेबाचं म्हणणं. हे काम मी त्याच्याकडून शिकलो, आणि पुढे पुढे मीच त्याला ‘साहेब, हात घालू नका’ म्हणून दटावू लागलो. तो कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याने सगळ्यात मोठी पेटी मला दिली. लोखंडी चौकट, बोटभर जाड काचा, माणूस आडवा झोपेल एवढी लांब आणि हात खांद्यापर्यंत बुडेल एवढी खोल. मी ती पेंढ्यात बांधून आगबोटीने रत्नागिरीला आणली. बंदरावर खलाशांनी विचारलं, आत कोण वारलंय?

पेटी आणली खरी, पण ती माझ्या घराच्या दारातून आत जाण्यासारखी नव्हती. तिथेच बंदरावर आप्पा वकील भेटले. कुठल्याशा दाव्याच्या कामासाठी ते साहेबाच्या बंगल्यावर येऊन गेले होते आणि कामाचं सोडून माशांपुढेच बसून राहिले होते. वरच्या आळीतल्या वाचनालयाचे ते अध्यक्ष. म्हणाले, “आमच्या पडवीत ठेवा की. गाव बघायला येईल, येता जाता चार पानं वाचेलही.”

मी तेव्हाच स्वच्छ सांगितलं, “आप्पा, मी महार आहे. नंतर वाद नको.”

आप्पा हसले. “अहो आत्माराम, हे मला सांगता? या विषयावर सभेत उभं राहून बोलतो कोण? मीच ना? मी असलं काही मानत नाही. फक्त आपण होऊन कुणाला सांगत बसू नका. हळूहळू होईल सगळं. आणि हो, विहिरीवर तेवढं जाऊ नका, पाणी धोंडू आणून देईल.”

धोंडू म्हणजे वाचनालयाचा शिपाई. मानत नाही म्हणणाऱ्या माणसाने विहिरीचं बरं लक्षात ठेवलं, हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण पेटी बंदरावर उन्हात पडली होती आणि काचा तापत होत्या. मी हो म्हणालो. इतकी वर्षं बाहेर काढल्यामुळे वरच्या आळीत माझा चेहरा कोणाच्या ओळखीचाही नव्हता.

मग मी कामाला लागलो. तळाला गाळ हवा. तो मी आमच्या वाडीच्या खालच्या तळीतून आणला, टोपलीत घालून, डोक्यावरून. त्या गाळात जीव असतो. त्यावर नदीची धुतलेली वाळू, मागे उंच आणि पुढे उतरती, म्हणजे घाण आपसूक पुढे येते आणि रबरी नळीने ओढून घेता येते. मधोमध जांभ्याचे दगड, आधी कितीतरी दिवस पाण्यात ठेवून त्यांचा तांबडेपणा घालवलेले, आणि असे रचलेले की खाली गुहेसारखी पोकळी राहील. मागच्या काचेला लांब पट्ट्यांचं पाणगवत, पुढे बुटकं, एका कोपऱ्यात कुमुदाचा एकच कंद. दुपारचं ऊन काचेवर आलं की पाणी हिरवं होतं, म्हणून पडवीला झावळ्यांचा पडदा. एकेक रोप मी हात खांद्यापर्यंत बुडवून, बोटांनी वाळूत खोवून लावलं. सदरा काढून उघड्या अंगाने मी तासन् तास त्या पेटीवर ओणवा असायचो आणि वाचनालयातले लोक वर्तमानपत्राच्या आडून बघत असायचे.

पहिले दोनेक महिने मी आत एकही मासा सोडला नाही. त्यावरून माझी काय चेष्टा व्हायची! “आत्मारामपंत, मासे कुठे गेले? कालवणात?” “मिरकरवाड्याच्या मासळीबाजारातून आणून देऊ का टोपलीभर?” मी म्हणायचो, लोणचं घातल्या दिवशी खाता का? पाणीही मुरावं लागतं. मुरलं. पाणगवत वर चढलं, पानांवर चांदीचे बुडबुडे धरू लागले, आणि मग मी शेतातल्या पाटांतून मासे आणले. करंगळीएवढे, डोक्यावर चकाकता ठिपका असलेले. आणि एक पिवळी जोडी. त्या जोडीने दगडाखालच्या पोकळीत घर केलं. अंडी घातली की नर-मादी दोघं पाळीपाळीने पहारा करायची, पंखांनी वारा घालायची, आणि कोणी जवळ फिरकलं की अंगावर धावून जायची. ते बघायला अख्खी आळी लोटली. म्हातारे, पोरंबाळं, सासुरवाशिणी. देवळाच्या तळ्यात टाकतात तसे कुरमुरे टाकायला सगळ्यांचे हात शिवशिवायचे. मी ओरडायचो. पुण्य करायचं तर बाहेर करा, इथे पाणी नासतं! लोक हसायचे, पण ऐकायचे.

दर शनिवारी मी नळीने थोडं जुनं पाणी काढायचो आणि तेवढंच धोंडूने आणून मुरवत ठेवलेलं पाणी आत घालायचो. ते जुनं पाणी झाडांना अमृत. आप्पांच्या आई आनंदीबाई समोरच्याच घरात राहायच्या. त्यांनी एकदा ते नेऊन तुळशीला घातलं, आणि तुळस अशी तरारली की मग दर शनिवारी त्या तांब्याची कळशी घेऊन स्वतः हजर. “आत्माराम, आमच्या वाट्याचं ठेवलं आहेस ना रे? जास्वंदही धरली हो या पाण्यावर. गणपतीला रोज ताजी फुलं मिळतात.” मी कळशी भरून द्यायचो. म्हातारी प्रेमळ होती. ते मी आजही नाकारत नाही.

असं सगळं वर्षभर चाललं. मला वाटायला लागलं की आप्पांचं ते ‘हळूहळू’ खरंच होतंय.

माझी आई राही जळणाच्या मोळ्या विकायची. वरच्या आळीतही तिची गिऱ्हाइकं होती, त्यांत आनंदीबाई होत्या. मागच्या परसात मोळी टाकायची, लांब उभं राहायचं, पैसे जमिनीवर ठेवले की उचलायचे. वर्षभर मी तिला घरी बसून तळ्याच्या गोष्टी सांगत होतो आणि वर्षभर ती ते बघायला यायचं टाळत होती. एका शनिवारी मात्र मोळी टाकून ती वाचनालयाच्या फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. मी पेटीवर ओणवा होतो.

“आत्मा, हितनंच बगते रं.”

तिथून काय दिसणार? झावळ्यांचा पडदा. मी बाहेर गेलो, म्हणालो, “आत ये.” ती नको नको म्हणत राहिली. माझं डोकं फिरलं. तळं माझं, गाळ माझ्या वाडीचा, हात माझे, आणि माझ्या आईने ते रस्त्यावरून बघायचं? अख्ख्या आळीची लेकरं काचेला नाक लावून उभी राहतात ती चालतात? मी तिचा हात धरला आणि तिला पडवीत आणून पेटीसमोर उभं केलं.

ती खाली वाकली आणि तिने काचेवर बोट ठेवलं.

“आरं, ही तर आपली तळी! ह्ये गवत आपलंच. ल्हानपनी पवायला उतरलास की तुज्या पायाला गुंडाळायचं आनि तू बोंबलायचास.” आणि ती हसायला लागली. माझी आई अशी मोकळी हसलेली मी कितीतरी वर्षांत बघितली नव्हती. त्या एका हसण्यासाठी मी पेटी मुंबईहून आणली होती असं मला तेव्हा वाटलं.

तेवढ्यात आनंदीबाई कळशी घेऊन आल्या.

“अगो राही! तू इथे वर कशी?”

आई एकदम मागे सरली. पण तिला खोटं बोलता यायचं नाही. म्हणाली, “ह्यो माजा पोरगा, आजीबाय. त्यानं बोलावलान, म्हनून आले.”

आनंदीबाईंनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या ओल्या हाताकडे बघितलं. कळशी हातातून सुटली नाही की काही नाही. ती त्यांनी नीट उचलून पदराआड घेतली आणि आल्या पावली घरी गेल्या. वाचनालयात बसलेल्यांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली. आई तर केव्हाच फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली होती.

त्याच संध्याकाळी मंडळी आत जमली. मला अंगणात थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळाने आप्पा पायरीवर आले, चष्मा काढला, आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आत्माराम, हे तू मला आधी सांगायला हवं होतंस.”

बंदरावर काय बोलणं झालं ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. ते माझ्या डोळ्यांत बघत होते आणि खोटं बोलत होते. ज्याला शिवाशिव खरीच वाटते त्याचा मला राग येतो, पण त्याच्याशी भांडता तरी येतं. ज्याला ती खोटी वाटते आणि तरी जो ती पाळतो, त्याच्याशी भांडायचं तरी कुठून?

फाटकापर्यंत ते माझ्याबरोबर आले. आता आवाज खाली. “समजून घे रे. लोकांच्या समाधानासाठी थोडी शुद्धी करून घेतो. पळीभर पंचगव्य, नावापुरतं. मग हळूहळू सगळं पूर्ववत.”

“पळीभरही नको, आप्पा. दूध-तूप त्या पाण्याला विष आहे. वर्षभर कुरमुरा पडू दिला नाही मी. माझी पेटी मी घेऊन जातो.”

“भरलेली पेटी नेणार कशी? तू थोडे दिवस येऊ नकोस म्हणजे झालं.”

पेटी हलवायची तर आधी सगळं उपसायला हवं, म्हणजे मासे हातानेच मारायचे. ते माझ्याच्याने होईना. मी घरी गेलो आणि पळीभर म्हणजे खरोखर पळीभरच असेल अशी स्वतःची समजूत घालत बसलो.

पुढचं मला धोंडूने सांगितलं. एका सकाळी तो आमच्या वाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, नजर जमिनीवर.

“आत्मारामदादा, आप्पांनी बोलावलानी हाय तुमाला. मासे मेले. सगळे. वास सुटलाय.”

“पळीभराने मेले?”

“पळीभर कुटलं! भटजींनी पळीभरच घातलानी. मग आजीबाय बोलल्या, येवड्या पान्याला पळीभर कसं पुरंल? त्यांनी तांब्या दिलानी. मग शेजारच्यांनी आनलानी. ज्यो त्यो म्हनतो, आमीपन हात लावलावता काचेला, आमचंपन घ्या. तांब्यावर तांबे. वर फुलं, कुंकू. आनि समद्या पान्यात जायला पायजे म्हनून काठीनं ढवळलानी.”

“काठीने?”

“व्हय.”

गाळ वर आला असणार, एकेक रोप उपटलं गेलं असणार. शेणामुताचं पाणी, वर तुपाचा थर, खाली श्वास कोंडलेले जीव. मला ते दिसत होतं. पेटीत जीव सोडणाऱ्याचे हात अशुद्ध, आणि ते जीव मारणाऱ्यांचे शुद्ध! मी धोंडूला विचारलं, “मग मला कशाला बोलावलंय?”

तो आणखी खाली बघायला लागला. “त्ये मेलेले काडायला.”

मी साहेबाने दिलेला कोट घातला आणि निघालो.

वाचनालयाच्या अंगणात दहा-पंधरा माणसं नाकाला उपरणी लावून उभी होती. आनंदीबाई आपल्या दारात होत्या. पडवीत पेटी तशीच होती, पण आत बाग नव्हती. पिवळट राड होती, वर साय धरलेली, आणि सायीत पांढरी पोटं वर करून माझे मासे. कुमुदाचं पान उलटं होऊन काचेला चिकटलं होतं. मला रडू आलं, आणि ते त्या लोकांसमोर आलं याचा आणखी राग आला.

“बरं झालं आलास,” आप्पा म्हणाले. “हे तेवढं काढून टाक. आम्हाला कुणाला… म्हणजे, मेलेलं आहे ना आता.”

“मग?”

आप्पा भटजींकडे बघू लागले. भटजी मात्र सरळ माणूस. ते म्हणाले, “मेलेलं उचलणं तुमच्याकडेच नाही का?”

“असं होय!” मी म्हणालो. माझा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. “तळं जिवंत होतं तेव्हा त्यात माझा हात गेला म्हणून ते बाटलं. आता ते मेलंय, तर मात्र माझाच हात पाहिजे! वर्षभर तुम्ही या काचेला नाक लावून बसलात. माझा हात आत असताना बसलात. आनंदीबाई, माझ्या हाताचं पाणी तुमच्या तुळशीला गेलं, त्या पाण्यावरची जास्वंद तुमच्या गणपतीच्या मस्तकावर गेली. त्याला कुठे बुडवलंत? त्याच्या अंगावर कोणी शेण घातलं?”

आनंदीबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या.

“आणि आप्पा, बंदरावर मी तुम्हाला काय सांगितलं होतं ते आता यांना सांगा.”

आप्पांनी मान खाली घातली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मग ते हळू म्हणाले, “सांगितलं होतं त्याने. पहिल्याच दिवशी.” भटजींनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू वास तिकडूनच येतोय.

“पेटी माझी आहे,” मी म्हणालो. “रिकामी करून द्या, मी घेऊन जाईन. पण ज्यांनी घातलं त्यांनी काढायचं. मी बोट लावणार नाही.”

आप्पांनी धोंडूकडे बघितलं. धोंडू म्हणाला, “माजं काम पानी आनायचं, आप्पा,” आणि दोन पावलं मागे सरला. मग आप्पांनी मंडळींकडे बघितलं. मंडळी एकेक करून फाटकाकडे बघायला लागली. वास वाढत होता. शेवटी आप्पांनी बाही वर केली, तोंड फिरवलं आणि त्या राडीत हात घातला.

मी पडवीतली खुर्ची ओढली. वर्षभर त्या खुर्चीवर मी एकदाही बसलो नव्हतो. आता बसलो. आप्पा एकेक मासा काढून बादलीत टाकत होते, मी मोजत नव्हतो, पण ओळखत होतो. ठिपकेवाले निघाले. मग पिवळा एक निघाला. आप्पांनी हात झटकला आणि म्हणाले, “झालं.”

“झालं नाही. जोडी होती. दुसरा दगडाखाली आहे.”

“कशावरून?”

“पहाऱ्यावर असेल. अंडी सोडून तो बाहेर येणार नाही, तुम्ही वरून काय वाटेल ते ओतलंत तरी.”

आप्पांनी परत हात घातला. कोपरापर्यंत. चाचपडले. “हाताला लागत नाही रे.”

“कोपरापर्यंत घालून लागायचा नाही. मी वर्षभर खांद्यापर्यंत घालत होतो.”

आप्पांनी सदरा उतरवला. जानवं भिजू नये म्हणून आधी एका मुठीत धरलं. पण दगड उचलायला दोन्ही हात लागतात. त्यांनी ते सोडून दिलं, पेटीवर ओणवे झाले आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले.